विज्ञानकथेचा चाहता आणि त्याचे पत्र

एखाद्या वाङ्मयप्रकाराचा इतिहास लिहावयाचा म्हणजे त्यातील लेखकांची व ग्रंथांची नोंद करावयाची, असा आपल्याकडे आणि इतरत्रही प्रघात आहे. वाचक कोण होते, वाचून झाल्यावर ते काय म्हणत होते, हे इतिहासकार क्वचितच सांगतो. विज्ञानकथेच्या बाबतीत हा प्रघात पाळला तर निम्मा इतिहास हातचा निसटतो. विसाव्या शतकात अमेरिकेत व इंग्लंडात हा प्रकार जो फोफावला, तो लेखकांइतकाच त्याच्या चाहत्यांनी वाढविला. आणि ह्या चाहत्यांपैकी पुष्कळ जण पुढे स्वतःच लेखक, संपादक व प्रकाशक झाले. शाळेतला एखादा मुलगा वहीच्या मागच्या पानावर अवकाशयाने काढीत बसतो, एखादी मुलगी एकच चित्रपट पाच वेळा पाहून त्यातील ग्रहांची नावे तोंडपाठ म्हणून दाखविते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. हे वेड आहे, असे ते म्हणतात, आणि ते वेड आहेही. परंतु वेडावेडांत फरक असतो. तो फरक ओळखावयाचा कसा, हे ह्या चाहत्यांच्या सुमारे शंभर वर्षांच्या इतिहासावरून पुष्कळसे उमगते.

ह्या इतिहासाचा आरंभ एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीपासून होतो. लक्झेंबर्गहून १९०४ मध्ये अमेरिकेत आलेला ह्यूगो गर्न्सबॅक हा रेडिओच्या सामानाचा व्यापारी आणि तंत्रविषयक मासिकांचा प्रकाशक होता. एप्रिल १९२६ मध्ये त्याने 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले. केवळ विज्ञानकथांना वाहिलेले इंग्रजीतील हे पहिले मासिक होय. पहिल्या अंकात नवे असे काही फारसे नव्हते. ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स, एडगर ॲलन पो ह्यांच्या जुन्याच कथा पुन्हा छापलेल्या होत्या. लेखकांना मोबदला देताना गर्न्सबॅकचा हात आखडता असे, आणि त्याच्या वाङ्मयीन अभिरुचीविषयीही फारसे चांगले बोलता येणार नाही. परंतु १९२७ च्या आरंभी त्याने वाचकांच्या पत्रांसाठी एक सदर उघडले, आणि त्या सदरात पत्राखाली लिहिणाऱ्याचे नावच नव्हे, तर त्याचा पत्ताही छापला जाऊ लागला.

पत्ते छापल्याबरोबर वाचक संपादकाला वगळून परस्परांनाच लिहू लागले. आपल्या गावात आपण एकटेच असे काहीबाही वाचतो, अशी ज्याची समजूत होती, त्याला दुसऱ्या प्रांतात आपल्यासारखाच कोणी आहे हे कळले. पत्रांतून मैत्री झाली, मैत्रीतून मंडळे निघाली. १९३० मध्ये 'सायन्स करस्पॉन्डन्स क्लब' नावाच्या अशाच एका मंडळाने 'द कॉमेट' हे हौशी पत्रक काढले. मंडळाच्या नावात कथेचा उल्लेख नाही, विज्ञानाचा आणि पत्रव्यवहाराचा आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे सायक्लोस्टाइल यंत्रावर हातांनी चाक फिरवून काढलेल्या अशा पत्रकांचा सुकाळ झाला. त्यांत कथा असत, परीक्षणे असत, भांडणे तर असतच असत. १९४० मध्ये एका चाहत्याने त्यांना 'फॅनझिन' असे नाव दिले आणि ते रूढ झाले. 'फॅन' हा इंग्रजी शब्द वेडसर भक्ताला लावल्या जाणाऱ्या शब्दावरून आला आहे असे सामान्यतः मानतात. मराठीतील 'चाहता' हा शब्द त्या मानाने सौम्य, जरासा पेंगुळलेलाच म्हणावयाचा. चाहता नुसता चाहतो. तो उत्तर देतो, हरकत घेतो, हिशेब तपासतो, हा अर्थ त्यातून निघत नाही. विज्ञानकथेच्या चाहत्यांचे खरे वैशिष्ट्य तर तेच होते.

आयझॅक ॲसिमॉव्ह ह्यांचे उदाहरण शाळांना विशेष जवळचे वाटेल. रशियातून आलेल्या ह्या कुटुंबाचे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गोळ्या-चॉकलेटांचे दुकान होते, आणि त्या दुकानात मासिकेही विक्रीस असत. असली स्वस्त मासिके मुलाने वाचू नयेत, असा वडिलांचा दंडक होता. १९२९ मध्ये नऊ वर्षांच्या आयझॅकने एक नवे मासिक त्यांच्यापुढे धरले आणि त्याच्या नावातच 'सायन्स' हा शब्द असल्याचे दाखवून दिले. वडिलांना इंग्रजीचा तितकासा सराव नव्हता. शब्द भारदस्त वाटला आणि परवानगी मिळाली. ह्या युक्तिवादात लबाडी होती हे उघड आहे, पण जगाच्या दृष्टीने ती फायद्याची ठरली. हाच मुलगा १९३८ च्या सुमारास 'अस्टाउंडिंग' मासिकाला पत्रे पाठवू लागला. प्रत्येक कथेला तो गुण देई आणि जे आवडले नाही ते स्पष्ट सांगे. विज्ञानकथेत प्रेमप्रकरणे नकोत आणि त्यासाठी आणलेल्या नायिकाही नकोत, असेही मत त्याने त्या सदरात मोठ्या आवेशाने मांडले. एका वाचिकेने त्याच सदरातून त्याला सडेतोड उत्तर दिले. १९४१ मध्ये ॲसिमॉव्ह ह्यांच्या यंत्रमानवांच्या कथांत डॉ. सुसान कॅल्विन ही बुद्धिमान, करारी शास्त्रज्ञ अवतरली. त्या उत्तराचाच हा परिणाम, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्या ठिकाणी विशीही न गाठलेल्या वाचकाने बेधडक विधान करावे आणि दुसऱ्या वाचकाने त्याचे तितक्याच बेधडकपणे खंडन करावे, त्या ठिकाणी लेखक घडतात, एवढे म्हणावयास हरकत नाही.

इंग्लंडातही हेच घडत होते. ३ जानेवारी १९३७ रोजी लीड्स शहरातील थिऑसॉफिकल हॉलमध्ये विज्ञानकथेच्या चाहत्यांची एक सभा भरली. विज्ञानकथेसाठी आधी ठरवून भरविलेले हे पहिले संमेलन, असे पुष्कळ जण मानतात. ब्रह्मविद्येच्या सभागृहात अग्निबाणांची चर्चा व्हावी, हा योग गमतीचा खरा. हजर असलेली माणसे एका लहानशा खोलीत मावतील इतकीच होती, पण त्यांत आर्थर सी. क्लार्क हे एकोणीस वर्षांचे तरुण होते. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीचेही ते सभासद होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये, युद्ध संपावयाचे होते तेव्हा, 'वायरलेस वर्ल्ड' ह्या मासिकात क्लार्क ह्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. जर्मनांनी संहारासाठी बनविलेले अग्निबाण शांततेच्या काळात कशासाठी वापरता येतील, हा त्या पत्राचा विषय होता. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल व जमिनीवरून एका जागी स्थिर दिसेल. असे तीन उपग्रह जवळजवळ सर्व पृथ्वीला संदेश पोचवू शकतील, ही कल्पना त्यांनी तेथे सुचविली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या अंकात सविस्तर लेख लिहून तिची मांडणी केली. ही कक्षा त्यांनीच प्रथम शोधून काढली असे नव्हे. तिचे वर्णन त्यापूर्वीही झालेले होते. तथापि दळणवळणासाठी तिचा उपयोग सुचविणारा तो मजकूर आरंभी एक वाचकाचे पत्र होता. पुढे तीस वर्षांनी, १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष, ए. टी. एस.-६ ह्या अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले, ते ह्याच प्रकारच्या कक्षेतून. त्या वेळी क्लार्क श्रीलंकेत राहात होते, आणि हे कार्यक्रम त्यांना घरी पाहता यावेत म्हणून भारतीय अवकाश संशोधन संस्थेने त्यांच्याकडे ग्रहणयंत्रणा बसवून दिली होती.

एवढे सगळे ऐकून हे चाहते म्हणजे ज्ञानाचे निर्मळ उपासक होते, असे कोणास वाटेल, तर तसेही नव्हते. २ ते ४ जुलै १९३९ ह्या दिवसांत न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. त्याच शहरात 'उद्याचे जग' ह्या विषयावर एक भव्य जागतिक प्रदर्शन चालू होते, आणि संमेलनाला दोनशेच्या आसपास माणसे जमली होती. उद्याच्या जगाविषयी बोलण्यासाठी जमलेल्या ह्या मंडळींनी पहिले काम कोणते केले असेल, तर आपल्यातल्याच सहा जणांना दारातून परत पाठविले. 'फ्यूचरियन्स' नावाच्या प्रतिस्पर्धी गटातील डोनाल्ड वोलहाइम, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लुथ हे त्यांत होते. राजकीय मतभेद होते, जुनी भांडणे होती, आणि संयोजकांवर टीका करणारी काही पत्रके सभागृहात सापडली हे निमित्त झाले. गंमत अशी की, ती पत्रके ज्याने छापली तो मात्र आत बसलेला होता. ॲसिमॉव्हही त्याच गटाचे, पण त्यांना कोणी अडविले नाही. परत पाठविलेल्या सहांपैकी वोलहाइम ह्यांनी पुढे विज्ञानकथांची प्रकाशनसंस्था काढली. पोल नामवंत संपादक झाले. आणि पोल व कॉर्नब्लुथ ह्यांनी मिळून १९५३ मध्ये 'द स्पेस मर्चंट्स' ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जाहिरात कंपन्यांच्या हाती सारे जग गेले तर काय होईल, ह्याचे त्यातील चित्र आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करते. दार लावून घेणाऱ्यांना आपण कोणाला बाहेर ठेवीत आहो ह्याची कल्पना नव्हती. चाहत्यांच्या मंडळांना हा रोग फार लवकर जडतो: एखाद्या गोष्टीवर प्रेम करता करता ती आपल्याच मालकीची आहे असे वाटू लागते.

त्याच संमेलनात भविष्यकाळातील म्हणून शिवलेला विलक्षण पोषाख घालून दोन जण आले होते. पोषाख करून संमेलनाला जाण्याची जी प्रथा आज जगभर दिसते, तिचे मूळ तेथे शोधतात. बहुतेक ठिकाणी फॉरेस्ट ॲकरमन ह्यांचे नाव तेवढे सांगितले जाते. परंतु ते कपडे बेतले व शिवले मर्टल डग्लस ह्या बाईंनी, आणि स्वतःही तसाच पोषाख घालून त्या सोबत आल्या होत्या. ह्याच बाई ॲकरमन ह्यांच्यासमवेत एक हौशी पत्रक चालवीत. त्याचा बहुतेक भाग वाचकांच्या पत्रांनी भरलेला असे. कपड्यांचे श्रेय दुसऱ्याला गेले आणि पत्रांचे काम विस्मरणात गेले. इतिहास नुसता दिसण्याकडे पाहू लागला की असे होते.

लोकप्रिय करमणुकीचे जे विश्व आज मुलांच्या भोवती पसरलेले आहे, त्याची पाळेमुळेही ह्याच पत्रव्यवहारात सापडतात. क्लीव्हलँडमधील जेरी सीगल ह्या शाळकरी मुलाने एक हौशी पत्रक काढले होते. जानेवारी १९३३ मध्ये त्यात त्याने एका अतिमानवाची कथा छापली. चित्रे त्याचा मित्र जो शुस्टर ह्याची होती. त्या कथेतील अतिमानव खलनायक होता. पुढे दोघांनी तो बदलून घेतला, आणि १९३८ मध्ये 'सुपरमॅन' छापून आला. ज्यूलियस श्वार्ट्झ हाही असाच पत्रे लिहिणारा चाहता. तो पुढे चित्रकथांचा संपादक झाला आणि १९६० च्या सुमारास आपल्या मासिकांत त्याने पत्रांखाली पूर्ण पत्ते छापावयास सुरुवात केली. अमेझिंग स्टोरीजमधून जे त्याला मिळाले होते, ते त्याने पुढच्या पिढीच्या हाती दिले. त्यातून चित्रकथांच्या वाचकांचीही मंडळे उभी राहिली.

दूरचित्रवाणी आल्यावर पत्राचे रूप पालटले. 'स्टार ट्रेक' ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती बंद होणार अशी वार्ता पसरली, तेव्हा बिजो ट्रिंबल व त्यांचे पती ह्यांनी देशभरच्या चाहत्यांना कंपनीकडे पत्रे पाठविण्याचे आवाहन केले. छापील नमुना न वापरता प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. एक लाखाहून अधिक पत्रे आल्याचे कंपनीकडून सांगण्यात आले. ह्या आकड्याविषयी पुढे वाद झाला. परंतु १ मार्च १९६८ रोजी मालिका चालू राहणार असल्याची घोषणा कंपनीला पडद्यावरून करावी लागली. मालिकेला आणखी एक वर्ष मिळाले. त्या वर्षात तिचा खर्च कमी करण्यात आला, तिला शुक्रवारी रात्री दहाची गैरसोयीची वेळ मिळाली, आणि जून १९६९ मध्ये ती संपलीच. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत माणूस खरोखर चंद्रावर उतरला.

ह्या विजयाकडे पाहताना थोडे थांबले पाहिजे. ट्रिंबलबाईंनी प्रत्येकाने वेगळे लिहावे म्हणून कितीही सांगितले, तरी कंपनीच्या लेखी त्या पत्रांतील मजकुराला किंमत नव्हती. किंमत होती ती पोत्यांच्या संख्येला. १९२७ चे पत्र वाचले जाई व त्याला उत्तर मिळे. १९६८ चे पत्र मोजले गेले. लोकशाहीत मोजण्यालाही मान आहे, परंतु मोजले जाणे आणि ऐकले जाणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. १९७६ मध्ये अमेरिकेचे पहिले अवकाश-विमान तयार होत होते आणि त्याचे नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठरले होते. चाहत्यांनी अध्यक्ष फोर्ड ह्यांच्याकडे पत्रांचा वर्षाव केला, आणि मालिकेतील यानावरून त्याला 'एंटरप्राइझ' हे नाव मिळाले. १७ सप्टेंबर १९७६ च्या समारंभाला मालिकेतील नटमंडळीही उपस्थित होती. हे यान १९७७ मध्ये दुसऱ्या विमानाच्या पाठीवरून सोडून हवेत तरंगवून पाहण्यात आले, पण अवकाशात ते कधीच गेले नाही. त्याला तशी इंजिने नव्हती, उष्णतेपासून वाचविणारे खरे कवचही नव्हते. आणि त्यात फेरफार करणे फार खर्चाचे ठरल्याने तो बेत सोडून देण्यात आला. २०१२ पासून ते न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात आहे. चाहत्यांनी आणखी काही महिने दम धरून पुढच्या यानासाठी पत्रे लिहिली असती, तर त्यांचे आवडते नाव कदाचित खरोखरच अवकाशात गेले असते.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पडद्यावरील चित्राचा परिणाम सर्वस्वी पोकळ असतो असे नाही. त्या मालिकेत कृष्णवर्णीय महिला अधिकाऱ्याची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स ह्यांनी १९७७ मध्ये स्त्रियांनी व अल्पसंख्य वर्णाच्या तरुणांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत म्हणून नासाच्या वतीने प्रचार केला. १९७८ च्या तुकडीत सॅली राइड आणि गायन ब्लूफर्ड निवडले गेले. मनात चित्र असावेच लागते. प्रश्न एवढाच असतो की, ते चित्र पाहून माणूस काही करू लागतो, की पुन्हा तेच चित्र पाहावयास बसतो.

१९५३ पासून जागतिक संमेलनाचे सभासद आपल्या मतांनी गर्न्सबॅक ह्यांच्या नावाची 'ह्यूगो' पारितोषिके देत आले आहेत. येथेही मोजणे आणि वाचणे ह्यांचा झगडा दिसतो. २०१५ मध्ये एका गटाने आधी ठरविलेल्या याद्यांप्रमाणे नामांकने भरून टाकली. तेव्हा इतर सभासदांनी पाच विभागांत 'कोणासही पारितोषिक नको' असा कौल दिला. त्याच वर्षी कादंबरीच्या यादीतून एका लेखकाने, आपले नाव त्या गटामुळे आले म्हणून, स्वतः माघार घेतली. रिकाम्या जागेवर लिऊ त्सि-शिन ह्या चिनी लेखकाची कादंबरी आली आणि तिलाच पारितोषिक मिळाले. ह्यूगो मिळविणारी ती पहिली अनुवादित कादंबरी. केन लिऊ ह्यांनी ती इंग्रजीत आणली नसती, तर त्या सभासदांपैकी बहुतेकांना ती वाचताच आली नसती, हे अनुवादाला दुय्यम काम समजणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावे. २०२३ मध्ये चीनमधील छंगदू येथील संमेलनानंतर वेगळाच प्रकार झाला. मतांचे तक्ते जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा काही कृती पुरेशी नामांकने असूनही कारण न देता अपात्र ठरविल्या गेल्याचे दिसले. ते तक्ते ओळीओळीने तपासून विसंगती उघड्यावर आणल्या त्या चाहत्यांनीच. वहीच्या मागच्या पानावर अवकाशयाने काढणारीच ही मुले, मोठी झालेली.

आता ज्या उदाहरणासाठी हा सारा प्रपंच केला, त्याकडे वळू. विज्ञानकथेत चूक आढळली म्हणजे चाहते दोन प्रकारे वागतात. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' ह्या चित्रपटातील एक पात्र आपल्या यानाच्या वेगाची बढाई मारताना 'पार्सेक' हे जणू वेळाचे माप असावे तसे बोलते. पार्सेक हे अंतराचे माप आहे. एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे. ही चूक होती असे म्हणून मोकळे होण्याऐवजी कित्येक भक्तांनी, त्याने जवळची वाट शोधून अंतरच कमी केले असावे, अशा सफाया रचल्या. आणि २०१८ च्या एका चित्रपटात तसेच स्पष्टीकरण दाखविण्यातही आले. सफाई चतुर आहे, बुद्धीला व्यायामही होतो. पण तो वकिलाचा व्यायाम आहे. निकाल आधी ठरलेला आणि पुरावा मागून आलेला.

लॅरी निव्हेन ह्यांच्या 'रिंगवर्ल्ड' ह्या १९७० च्या कादंबरीचा अनुभव निराळा. एका ताऱ्याभोवती बांधलेले प्रचंड कडे, ही त्यातील कल्पना. कड्याची त्रिज्या पृथ्वी-सूर्य अंतराएवढी, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, आणि रुंदी सुमारे १६ लाख किलोमीटर. कडे स्वतःभोवती फिरते, त्यामुळे त्याच्या आतल्या बाजूस राहणाऱ्यांना वजन जाणवते; पृथ्वीइतके वजन जाणवण्यासाठी कड्याला सेकंदास सुमारे १,२०० किलोमीटर वेग हवा. कल्पना भव्य आहे आणि हिशेबही बरोबर आहे. पण एक गोष्ट लेखकाच्या नजरेतून सुटली. कड्याचा मध्य ताऱ्यावर नेमका असेल, तर सर्व बाजूंची ओढ सारखी असते व तोल राहतो. कडे किंचित एका बाजूस सरकले, की त्याचा जो भाग ताऱ्याच्या जवळ आला त्याच्यावरील ओढ वाढते, पलीकडच्या भागावरील कमी होते, आणि कडे त्याच दिशेने अधिकाधिक सरकत जाऊन अखेर ताऱ्यावर आदळते. ग्रहाचे असे होत नाही, कारण तो एकटा सुटा फिरतो. अखंड कड्याचे होते. घुमटाच्या माथ्यावर ठेवलेल्या गोटीसारखी ही स्थिती आहे. ह्यात नवे काहीच नव्हते. शनीचे कडे अखंड, घन व एकसारखे असेल तर ते टिकू शकणार नाही, हे अठराव्या शतकात लाप्लास ह्यांना दिसले होते. आणि १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यांनी ते कडे असंख्य सुट्या कणांचेच असले पाहिजे असे गणिताने दाखवून दिले होते.

१९७१ चे जागतिक संमेलन बॉस्टनला भरले. नदीपलीकडे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील विद्यार्थी संमेलनाला आले आणि रिंगवर्ल्ड अस्थिर असल्याच्या घोषणा देत व्हरांड्यांतून फिरले. एखाद्या लेखकाच्या वाट्याला ह्याहून मोठा सन्मान क्वचितच आला असेल. पुस्तक आवडले नसते तर त्यांनी गणित केलेच नसते, आणि नुसतेच आवडले असते तर ते स्वाक्षरी घेऊन परत गेले असते. निव्हेन ह्यांनीही सफाई दिली नाही. १९८० मध्ये त्यांनी दुसरी कादंबरी लिहिली. त्यात कड्याच्या काठावर ते जागेवर ठेवणारी इंजिने आहेत, कोणी तरी ती काढून नेल्यामुळे कडे सरकू लागले आहे, आणि हेच कथेचे संकट आहे. वाचकांच्या हरकतीतून कादंबरीचे कथानक निघाले. पहिल्या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत पृथ्वीही उलट दिशेने फिरत होती, ती पुढच्या छपाईत सुलट करण्यात आली. संग्राहक आता त्या चुकीच्याच प्रतीसाठी जास्त पैसे मोजतात. संग्राहक हाही चाहत्यांचा एक प्रकार आहे, त्याविषयी अधिक न बोललेले बरे.

भारतात अशी मंडळे मोजकीच निघाली, पण निघाली. कलकत्त्यास अद्रीश बर्धन ह्यांनी १९६३ मध्ये 'आश्चर्य' हे बंगाली विज्ञानकथांचे मासिक सुरू केले, आणि १९६६ मध्ये सत्यजित राय ह्यांच्या अध्यक्षतेखाली तेथे विज्ञानपटांचे एक मंडळ स्थापन झाले. मराठीत १९६६ मध्येच मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ह्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव जयंत विष्णु नारळीकर ह्यांनी घेतले होते, आणि त्याची आद्याक्षरे त्यांच्या आद्याक्षरांच्या उलट क्रमाची होती. आपल्या कीर्तीचे दडपण परीक्षकांवर येऊ नये, एवढाच त्यामागील हेतू. नारळीकर २०२५ मध्ये निवर्तले. विश्वविख्यात शास्त्रज्ञाने एका नवशिक्याप्रमाणे रांगेत उभे राहून आपली कथा तपासून घ्यावी, ही गोष्ट त्या बॉस्टनच्या विद्यार्थ्यांना आवडली असती.

आपल्याकडे उणीव लेखकांपेक्षा उत्तर देणाऱ्या वाचकांची अधिक जाणवते. भ्रमणध्वनीवर आज कोणीही दोन शब्दांत पसंती वा नापसंती कळवू शकतो, आणि ती तत्काळ मोजली जाते. चित्रपट कंपन्यांना हवा असलेला चाहता हाच. शाळेच्या ग्रंथालयाला मात्र दुसरे काही तरी करता येण्यासारखे आहे, आणि त्याला खर्च एका वहीचा. विज्ञानकथांच्या कपाटाशी ती वही दोरीने बांधून ठेवावी. पुस्तक परत करताना वाचकाने डाव्या पानावर आपली एक तरी शंका वा हरकत लिहावी, कारणासहित. आवडले, छान आहे, एवढेच लिहिलेले चालणार नाही असे आरंभीच सांगावे. अवकाशात हवा नसताना स्फोटाचा आवाज ऐकू कसा आला, मंगळावरचा माणूस पृथ्वीवरच्यासारखा धपकन कसा पडला, यंत्रमानवाला तहान का लागली, असे काहीही चालेल. खाली पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी असावी, म्हणजे ज्याला पटले नाही त्याला मधल्या सुट्टीत गाठता येईल. उजवे पान कोरे सोडावे.